मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात काय ?

"मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात" ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रूढ झालेली आहे कीं, ती खरी आहे किंवा नाहीं हें तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाहीं. एखादा पुरुष प्रसिद्धीस आला म्हणजे त्याच्या बाळपणच्या चार गोष्टी शोधून काढावयाच्या, आणि पुढील मोठेपणाचें बीज त्यांत स्पष्ट दिसत होतें असें म्हणावयाचें, ही चरित्रकारांची जुनी रीत आहे. परंतु पाळण्यांत ज्यांचे पाय तितकेच सुंदर दिसत होते आणि जे पुढें चारचौघांसारखेच चालूं लागले, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. त्यामुळें म्हणीच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपल्या दृष्टीआड राहतो. प्रस्तुत लेखांत ही म्हण क्रीडांगणावर नेऊन तपासावयाची आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहून तो पुढें कोठवर जाईल हें सांगतां येतें काय, येत असल्यास कशावरून, आणि कितपत खात्रीनें, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न फावल्या वेळच्या करमणुकीचा नव्हे. आमच्या पिंपळीच्या पंचक्रोशींत, किंबहुना सबंध बारामती-इंदापूर भागांत, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो. ऊस कारखान्यास गेला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं एकरकमी पैसा येतो, आणि त्या पैशाचें काय करावें याचा निर्णयही घरांत त्याच सुमारास होतो. विहीर, ट्रॅक्टर, मुलीचें लग्न यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक बाब आली आहे, ती म्हणजे मुलास क्रिकेटच्या शिक्षणासाठीं पुण्यास ठेवणें. गेल्या हंगामांत असेच एक पालक मजकडे आले. त्यांचा मुलगा नववींत होता. त्यानें एका स्पर्धेंत एकाच डावांत दीडशेंवर धांवा केल्या होत्या, आणि वडिलांनीं त्या डावाचा सगळा हिशेब, चौकार-षट्कारांसह, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर उतरून आणिला होता. मुलाची शाळा सोडवावयाची, त्याला पुण्यास पाठवावयाचें आणि दहावीची परीक्षा बाहेरून द्यावयास लावावयाची, असा त्यांचा बेत होता. कागद पुढें ठेवून ते एवढेंच म्हणाले, "गुरुजी, पोरगं पुढं निघंल का न्हाय, तेवढं सांगा." प्रश्न लहान होता, परंतु त्याचें प्रामाणिक उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नव्हतें. तें सविस्तर मांडावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम आपल्याच महाराष्ट्रांतील एक प्रसिद्ध सामना घेऊं. १९८८ च्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना शारदाश्रम विद्यामंदिर व सेंट झेवियर्स हायस्कूल या दोन शाळांमध्यें झाला. शारदाश्रमाच्या दोन मुलांनीं तिसऱ्या गड्यासाठीं नाबाद ६६४ धांवांची भागीदारी केली. त्यांपैकीं विनोद कांबळी यांच्या ३४९ धांवा होत्या, तर सचिन तेंडुलकर यांच्या ३२६. पहिल्याचें वय १६ होतें, दुसऱ्याचें १४. त्यांच्या मागून फलंदाजीस जावयाचा मुलगा पायांस पॅड बांधून मैदानाच्या कडेला बसून राहिला. त्याची पाळीच आली नाहीं. त्याचें नांव अमोल मुझुमदार. तिघेही एकाच शाळेचे विद्यार्थी, आणि तिघांचेही गुरु रमाकांत आचरेकर. त्या दिवशीं मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या जाणत्या गृहस्थास, या तिघांचें पुढें काय होईल, असें कोणी विचारिलें असतें, तर त्यानें काय उत्तर दिलें असतें ?

जें घडलें तें असें. तेंडुलकर २०० कसोटी सामने खेळले व त्यांनीं त्यांत १५,९२१ धांवा केल्या. कांबळी यांनीं १९९३ सालीं लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतकें काढिलीं. पण १९९५ नंतर, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंतच, त्यांची कसोटी कारकीर्द १७ सामन्यांवर थांबली. येथें वाचकांनीं एक आंकडा लक्षांत ठेवावा. कसोटी सामन्यांतील सरासरी कांबळी यांची ५४.२० आहे, तर तेंडुलकर यांची ५३.७८. म्हणजे कौशल्य एवढ्याच मापानें मोजावयाचें तर दोघांत तसूभर अंतर आहे, आणि तेंही कांबळींच्या बाजूस झुकतें ! मुझुमदार यांनीं १९९४ सालीं आपल्या पहिल्याच रणजी सामन्यांत हरयाणाविरुद्ध २६० धांवा केल्या, प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें अकरा हजारांवर धांवा जमविल्या, मुंबईचें कर्णधारपद भूषविलें. पण भारताच्या संघांत त्यांना एकदांही स्थान मिळालें नाहीं. कारण ज्या जागांवर त्यांचा दावा होता त्या जागांवर त्या वेळीं तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण ठाण मांडून बसले होते. पुढें त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं भारताच्या महिला संघानें नोव्हेंबर २०२५ मध्यें नवी मुंबईस विश्वचषक जिंकला. हें भविष्य १९८८ सालीं कोण सांगूं शकला असता ?

आतां केवळ धांवसंख्येकडे पाहूं, कारण पाठकोऱ्या पानावर तीच असते. २०१६ च्या जानेवारींत कल्याण येथें एका पंधरा वर्षांच्या मुलानें शालेय सामन्यांत नाबाद १,००९ धांवा केल्या. जगांत कोठेंही, कोणत्याही दर्जाच्या नोंदलेल्या क्रिकेटमध्यें, एका डावांत एका फलंदाजानें हजार धांवा पूर्ण केल्याचें तें पहिलेंच उदाहरण. त्या मुलाचें नांव तेव्हां जगभर झालें. येथें तें देण्याचें कारण नाहीं. प्रतिपक्षाचा संघ मात्र त्याच सामन्यांत ३१ व ५२ धांवांत गारद झाला होता, आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मोठ्या मथळ्यांत आली नाहीं. तो पराक्रम खोटा नव्हता. पण ज्या गोलंदाजीवर तो झाला तिची परीक्षा कोणी केली नाहीं. त्या मुलाचें नांव पुढें मोठ्या क्रिकेटमध्यें ऐकूं आलें नाहीं. त्यानें मोडलेला उच्चांक इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाचा होता. त्यानें १८९९ सालीं क्लिफ्टन कॉलेजांतील वसतिगृहांच्या आपसांतील सामन्यांत नाबाद ६२८ धांवा केल्या होत्या. कॉलिन्स सैन्यांत गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाहीं, आणि १९१४ सालीं पहिल्या महायुद्धांत पडला.

याच्या उलट उदाहरणेंही आहेतच. पृथ्वी शॉ यांनीं २०१३ सालीं हॅरिस शील्डमध्यें ५४६ धांवा केल्या व २०१८ सालीं पहिल्याच कसोटी सामन्यांत शतक काढिलें. तथापि २०२० अखेरपर्यंत ते पांचच कसोटी सामने खेळले, आणि पुढें कित्येक वर्षें संघाबाहेर राहिले. सरफराज खान यांनीं बाराव्या वर्षीं, २००९ सालीं, त्याच स्पर्धेंत ४३९ धांवा केल्या. त्यांना कसोटी सामना मिळावयास २०२४ साल उजाडलें. जालन्याचे विजय झोल यांनीं २०११ सालीं एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेंत महाराष्ट्रातर्फे नाबाद ४५१ धांवा केल्या व २०१४ सालीं त्या वयोगटाच्या विश्वचषकांत भारताचें नेतृत्व केलें. भारताच्या मुख्य संघांत ते आले नाहींत. इतक्या प्रचंड धांवसंख्या, आणि प्रत्येकाची वाट निराळी !

असें कां व्हावें ? याचें पहिलें कारण गणिताचें आहे, व तें आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही समजण्यासारखें आहे. पहिल्या चाचणींत सर्वांत अधिक गुण मिळविणारे दहा विद्यार्थी निवडा आणि त्याच दहांचे दुसऱ्या चाचणींतील गुण पाहा. त्यांची सरासरी बहुधा थोडी खालीं आलेली आढळेल. ते आळशी झाले असें नव्हे. पहिल्या वेळच्या गुणांत त्यांच्या अभ्यासाबरोबरच योगायोगाचाही वांटा होता. नेमका वाचलेलाच धडा आला, त्या दिवशीं डोकें दुखत नव्हतें, वगैरे. योगायोग ज्यांना सर्वांत अनुकूल पडला तेच त्या दहांत अधिक भरले होते, आणि योगायोग दुसऱ्या खेपेस तितकाच मेहेरबान होत नाहीं. सर फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८६ सालीं आईबाप व मुलें यांच्या उंचीची मोजमापें घेऊन हाच नियम मांडिला : फार उंच आईबापांचीं मुलें उंच असतात खरीं, पण सरासरीनें पाहतां आईबापांइतकीं उंच नसतात. म्हणून एखाद्या मुलाच्या सर्वोत्तम डावावरून त्याचें मोजमाप करणें म्हणजे त्याच्या योगायोगाचेंही मोजमाप करून तें त्याच्या गुणांच्या खात्यावर लिहिणें होय. दीडशें धांवांच्या एका डावापेक्षां वीस डावांची साधी यादी, त्यांतील शून्यांसह, कितीतरी अधिक बोलते.

दुसरें कारण शरीराचें. मुलांची उंची झपाट्यानें वाढण्याचा काळ सरासरीनें तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो. पण कोणाचा तो दोन वर्षें आधीं येतो, तर कोणाचा दोन वर्षें उशिरां. तेव्हां आठवीच्या एकाच वर्गांत एक मुलगा मिसरूड फुटलेला, रुंद खांद्यांचा, आणि त्याच्या शेजारीं दुसरा बाळसेदार, असें दृश्य नेहमींचेंच आहे. पहिला षट्कार मारतो, दुसऱ्याचा चेंडू सीमेपर्यंत पोंचत नाहीं. पाहणारा म्हणतो, पहिल्यांत गुण आहे. वस्तुतः पहिल्यांत तूर्त हाडें अधिक आहेत. आमच्याकडे हें शेतकऱ्यास निराळें सांगावें लागूं नये. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनीं तोडीस येतो, सुरू ऊस वर्षभरांत. दोहोंची लागण निरनिराळ्या वेळीं झालेली असतां एकाच दिवशीं दोन्हीं फडांची उंची मोजून कोणी शहाणा शेतकरी उताऱ्याचा अंदाज करीत नाहीं. मुलांच्या बाबतींत मात्र आपण तेंच करतों.

यांतच जन्मतारखेचा एक सूक्ष्म अन्याय मिसळलेला असतो. वयोगटाची मर्यादा ज्या तारखेस ठरते, तिच्या नंतर लगेच जन्मलेला मुलगा त्या गटांत सर्वांत थोरला ठरतो, आणि तिच्या आदल्या आठवड्यांत जन्मलेला सर्वांत धाकटा. दोघांत जवळजवळ एक वर्षाचें अंतर, तरी गट एकच. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानें १९८५ च्या सुमारास कॅनडांतील बर्फावरील हॉकीच्या संघांची पाहणी केली, तेव्हां चांगल्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा असल्याचें आढळलें, कारण तेथें गटाची तारीख १ जानेवारी होती. थोरला मुलगा आधीं निवडला जातो, निवडला म्हणून त्यास उत्तम शिक्षण मिळतें, आणि शिक्षण मिळालें म्हणून तो खरोखरच सरस होतो. अशा रीतीनें भविष्य वर्तविणारेच तें घडवितात, व मग "पाहा, आम्हीं सांगितलेंच होतें" असें म्हणतात. आमच्या भागांत याहून स्थूल असा दुसरा दोष आहे, तो म्हणजे कागदावर वय कमी दाखविण्याचा. त्यासाठींच क्रिकेट नियामक मंडळ मनगटाच्या हाडांचें क्ष-किरण चित्र घेऊन मुलाच्या शरीराचें वय ठरवितें. जो पालक मुलाचें वय दोन वर्षांनीं उतरवितो तो त्याचें भविष्य दोन वर्षांनीं वाढवीत नाहीं. त्याच्या खेळाचें खरें मोजमापच कायमचें हरवून बसतो.

होतकरू खेळाडूंचें भवितव्य वर्तविण्याचा खटाटोप ज्या देशानें जवळजवळ शास्त्राच्या थराला नेला आहे तो देश म्हणजे अमेरिका, आणि खेळ म्हणजे बेसबॉल. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉल हे खेळ आहेत, म्हणून अनेक वाचकांस ते माहीत असतील. क्रिकेटचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. लाकडी, वाटोळ्या दांड्यानें उडता चेंडू मारावयाचा, आणि चार तळांना वळसा घालून धांव पुरी करावयाची. तेथें भविष्य वर्तविण्यास इतकें महत्त्व कां आलें, याचें कारण व्यवहाराचें आहे. मोठा संघ अठरा वर्षांच्या मुलाशीं करार करतो, त्याला आपल्या खर्चानें खालच्या श्रेणींतील संघांतून तीन-चार वर्षें, कधीं त्याहूनही अधिक, वाढवितो, आणि मगच तो मुलगा वरच्या संघांत उपयोगीं पडतो किंवा पडत नाहीं. लागणीपासून तोडीपर्यंतचा खर्च संघाचा; म्हणून बेणें पारखून घेणें आलें. १९६५ पासून तेथें दर वर्षीं सर्व संघ आळीपाळीनें नव्या मुलांची निवड करतात, व त्यासाठीं गांवोगांव हिंडून मुलें पाहणारे पारखी नेमलेले असतात. हे पारखी प्रत्येक मुलाचे पांच गुण तपासतात : चेंडू अचूक मारणें, जोरानें मारणें, धांवण्याचा वेग, चेंडू अडविणें आणि फेंक. प्रत्येक गुणास २० पासून ८० पर्यंत अंक दिला जातो. ५० म्हणजे वरच्या श्रेणींतील साधारण खेळाडूइतका.

इतकी व्यवस्था असून फळ काय ? बिली बीन नांवाच्या तरुणांत पांचही गुण आहेत असें पारख्यांचें एकमत होतें. १९८० सालीं न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें त्याला पहिल्याच फेरींत घेतलें. वरच्या श्रेणींत तो जेमतेम १४८ सामने खेळला व निष्प्रभ ठरला. १९९१ सालीं सबंध देशांतून पहिला निवडला गेलेला ब्रायन टेलर हा चेंडूफेक्या खांदा दुखावल्यामुळें वरच्या श्रेणीपर्यंत कधींच पोंचला नाहीं. उलट माइक पियाझा यास १९८८ सालीं ६२ व्या फेरींत, १,३८९ मुलांची निवड झाल्यानंतर, घराण्याच्या स्नेह्याखातर घेतलें. त्याला २०१६ सालीं त्या खेळाच्या सर्वश्रेष्ठांच्या मालिकेंत मान मिळाला. आपल्या देशांतूनही २००८ सालीं रिंकू सिंग व दिनेश पटेल या उत्तर प्रदेशांतील दोन भालाफेक्या तरुणांस, केवळ फेंकीचा वेग पाहून, पिट्सबर्गच्या संघानें करारानें घेतलें होतें. दोघांनींही परिश्रमपूर्वक तो खेळ आत्मसात् केला. पण वरच्या श्रेणींत दोघांपैकीं कोणी गेला नाहीं.

गंमतीची गोष्ट अशी कीं, तोच बिली बीन पुढें ओकलंडच्या संघाचा व्यवस्थापक झाला, आणि मुलाच्या अंगकाठीपेक्षां त्यानें प्रत्यक्ष सामन्यांत काय केलें हें पाहावें, असा आग्रह त्यानें धरिला. त्याच्या पाठीशीं बिल जेम्स या लेखकाचें काम होतें. खालच्या श्रेणींतील आंकडे निरुपयोगी असतात अशी जुनी समजूत होती. जेम्स यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, सामना कोणत्या श्रेणीचा, मैदान केवढें, धांवा सहज निघतात कीं कष्टानें, या सर्वांचा हिशेब केल्यास खालच्या श्रेणींतील आंकड्यांवरून वरच्या श्रेणींतील आंकड्यांचा बराच विश्वसनीय अंदाज बांधतां येतो. २००३ पासून नेट सिल्व्हर यांची एक पद्धत प्रसिद्ध झाली. तींत प्रत्येक खेळाडूचे त्याच वयाचे, तशाच अंगलटीचे व तशाच कामगिरीचे पूर्वींचे खेळाडू शोधून काढतात, त्यांचें पुढें काय झालें हें पाहतात, आणि भविष्य म्हणून एकच आंकडा न देतां बऱ्यापासून वाईटापर्यंतचा सगळा पल्ला देतात. मला या पद्धतींतील हा शेवटचा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो. "मुलगा निघेल" किंवा "निघणार नाहीं" असें छातीठोकपणें सांगणारा मनुष्य ज्योतिषी असूं शकेल, जाणकार असूं शकत नाहीं.

या सगळ्या अमेरिकन उद्योगांतून आमच्यासारख्या खेडेगांवच्या शाळेनें उचलावा असा एक नियम निघतो, आणि तो अगदीं सोपा आहे. धांवा किती केल्या हें विचारण्याआधीं, कोणत्या वयांत आणि कोणाच्या विरुद्ध केल्या, हें विचारावें. आपल्याहून मोठ्या मुलांत जो मुलगा नुसता टिकून राहतो तो, आपल्याहून लहान मुलांत शतक करणाऱ्यापेक्षां, पुढें जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. सांगलीच्या स्मृती मानधना नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघांत होत्या व अकराव्या वर्षीं एकोणीस वर्षांखालील संघांत. त्यांनीं २०१३ सालीं गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धांवा केल्या तेव्हां वर्तमानपत्रांस त्या नव्यानें दिसल्या. पाहणाऱ्यास खूण सहा वर्षें आधींच मिळाली होती. तेंडुलकरांविषयींही तेंच. ३२६ धांवांचा डाव हा त्यांच्याविषयींचा सर्वांत मोठा पुरावा नव्हताच. तो पुरावा म्हणजे त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, पंधराव्या वर्षीं, गुजरातविरुद्धच्या रणजी सामन्यांत जाणत्या पुरुषांच्या गोलंदाजीवर केलेलें शतक.

तेव्हां त्या पालकांनीं आणिलेल्या पानावर कोणत्या गोष्टी नव्हत्या तें पाहूं. प्रतिपक्षाचे गोलंदाज कोणत्या इयत्तेंतील होते, सीमा किती पावलांवर होती, झेल किती सुटले, आणि मुख्य म्हणजे चेंडू कोणता होता, हें त्यावर नव्हतें. विचारल्यावर कळलें कीं चेंडू टेनिसचा होता. आमच्या भागांतील गांवोगांवच्या स्पर्धा बहुतेक त्याच चेंडूवर होतात, त्यांत रोख बक्षिसें असतात, व मुलांना त्यांची मोठी गोडी आहे. त्या खेळास मी नांवें ठेवीत नाहीं. पण टेनिसचा चेंडू हलका, तो उंच उसळतो आणि बॅटच्या झपाट्यानें दूर जातो; शिवणीच्या चामडी चेंडूस वजन असतें, तो हवेंत वळतो, टप्प्यावर आंत-बाहेर होतो आणि अंगावर आला तर लागतो. पहिल्या चेंडूवर बसलेली वाकडी, आडवी बॅट दुसऱ्यावर घातक ठरते. म्हणून मुलगा चामडी चेंडूवर निदान एक हंगाम खेळेपर्यंत त्याच्याविषयीं बरें-वाईट कांहींच बोलूं नये.

त्यापुढें पाहावयाचें तें हें कीं, मुलगा शिकतो किती लवकर. जूनमध्यें ज्या चेंडूवर तो बाद होत होता त्याच चेंडूवर डिसेंबरांतही होत असेल, तर त्याचा डौल कितीही देखणा असो, काळजी करावी. उलट सहा महिन्यांत त्यानें ती उणीव स्वतः शोधून भरून काढिली असेल, तर आज धांवा कमी असल्या तरी चालेल. बाद होऊन परत आल्यावर तो पंचास दोष देतो, कीं कोपऱ्यांत जाऊन तोच फटका चारदां हवेंत मारून पाहतो, हें शिक्षकानें लांबून पाहून ठेवावें. निव्वळ दृष्टीस पडणारी करामत व तिला धरून राहण्याची चिकाटी या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि पारख्याच्या वहींत बहुधा पहिलीसाठींच रकाना असतो.

एवढें सगळें अनुकूल पडलें तरी एक हिशेब उरतो. १९३२ सालीं भारताचा पहिला कसोटी सामना झाला. तेव्हांपासून आजपर्यंत, नव्वदांहून अधिक वर्षांत, पुरुषांच्या कसोटी संघांतून खेळलेल्या खेळाडूंची संख्या तीनशेंहून थोडीशीच अधिक आहे. म्हणजे सबंध देशांतून वर्षास सरासरी तीन-चार नवे. या आंकड्यानें मुलांनीं खचून जाऊं नये. पण पालकांनीं उसाची रक्कम मोजण्यापूर्वीं तो अवश्य मोजावा.

यावरून उशिरां बहरणाऱ्यांची वाट बंद असते असें मात्र समजूं नये. पुण्याचे केदार जाधव भारताच्या संघांत आले तेव्हां एकोणतीस वर्षांचे होते, व पुढें त्र्याहत्तर एकदिवसीय सामने खेळले. सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं १९१५ सालीं जन्मलेले विजय सॅम्युएल हजारे यांचें उदाहरण तर आम्हां शाळामास्तरांस विशेष जवळचें. १९४३-४४ सालच्या पंचरंगी स्पर्धेंत 'इतर' या संघातर्फे हिंदु संघाविरुद्ध त्यांनीं ३०९ धांवा केल्या, व त्यांच्या संघाची त्या डावांतील एकूण धांवसंख्या होती ३८७. तरीही युद्धामुळें कसोटी सामने बंद असल्यानें पहिला कसोटी सामना खेळण्यास त्यांना १९४६ सालापर्यंत, वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत, थांबावें लागलें. १९४८ च्या जानेवारींत त्यांनीं ॲडलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्हीं डावांत शतकें केलीं, आणि १९५२ सालीं मद्रासेस भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. याच काळांतले भाऊसाहेब निंबाळकर यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या, प्रतिपक्षानें सामना सोडून दिला म्हणून ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक नऊ धांवांनीं राहिला, आणि कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाहीं. संधीचा हा भाग मुलाच्या हातीं नसतो, व कोणत्याही पारख्याच्या वहींत तो आधीं लिहितां येत नाहीं.

म्हणूनच शाळा सोडवून मुलास क्रिकेटमध्यें घालण्याच्या बेतास माझा विरोध आहे, आणि तो त्या पालकांनाही मीं स्पष्ट सांगितला. पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत असत. त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, आणि १९४४ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध त्यांनीं दोन्हीं डावांत शतकें काढिलीं. अभ्यास व खेळ यांचें हाडवैर आहे ही समजूत त्यांच्याकडे पाहिल्यावर टिकत नाहीं. तो मुलगा आतां दहावींत आहे; शनिवार-रविवार बारामतीस चामडी चेंडूवर सराव करतो, आणि यंदा त्याला मुद्दाम त्याच्याहून मोठ्या मुलांच्या संघांत घातलें आहे. त्या संघांत त्याची सर्वाधिक धांवसंख्या अद्याप सत्तावीस आहे. वडील थोडे नाराज आहेत. मी नाहीं.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांविषयीं एक सूचना येथें करणें जरूर आहे. वाढत्या वयांत अतिरिक्त गोलंदाजी केल्यानें कमरेच्या मणक्यास बारीक चीर पडते. आरंभीं ती नुसती पाठदुखी वाटते. एकाच दिवशीं दोन गांवांच्या दोन स्पर्धांत त्याच मुलास गोलंदाजीस लावणें आमच्याकडे सर्रास चालतें. तें बंद झालें पाहिजे. पाठ दुखते असें मुलानें सांगितल्यास तेल चोळून पुन्हां मैदानावर न पाठवितां त्याला डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या शाळेंत या वर्षापासून प्रत्येक खेळाडूसाठीं एक वही घातली आहे. तींत जन्मतारीख दाखल्यावरची, दर तीन महिन्यांस उंची व वजन, प्रत्येक डावाची धांवसंख्या शून्यांसह, चेंडूचा प्रकार, प्रतिपक्षाचा वयोगट, बाद होण्याची रीत, आणि गोलंदाजांच्या बाबतींत त्या आठवड्यांत टाकलेलीं षटकें, एवढ्या गोष्टी लिहिल्या जातात. नोंदी मुलें स्वतः करतात व क्रीडाशिक्षक त्या तपासतात. ज्या पालकांस आपल्या मुलाची वही पाहावयाची असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें.